शाळेचा अभ्यासक्रम आणि परिसरातील रोजगार : नाशिक जिल्ह्याच्या निमित्ताने

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. पालक म्हणतात, मुलगा शिकला, पण त्याला काम मिळत नाही. कारखानदार आणि बागायतदार म्हणतात, काम आहे, पण ते जाणणारा माणूस मिळत नाही. नाशिकसारख्या जिल्ह्यात हा विरोधाभास अधिकच खटकतो. येथे विमानापासून चलनी नोटेपर्यंत आणि द्राक्षापासून पैठणीपर्यंत असंख्य वस्तू तयार होतात. तरीही याच जिल्ह्यातील शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात या कामांचा उल्लेख फार तर भूगोलाच्या एखाद्या ओळीत सापडतो. शालेय अभ्यासक्रम आणि स्थानिक रोजगार यांची सांगड घालावी, ही मागणी यातूनच पुढे येते. मागणी जुनी आहे, तिच्यावर धोरणेही अनेक झाली. मात्र ही सांगड म्हणजे नेमके काय, ती कोणत्या इयत्तेपासून घालायची आणि त्यात मुलाचे नुकसान होणार नाही याची काळजी कशी घ्यायची, याविषयी पुरेशी स्पष्टता नाही.

सांगड म्हणजे काय?

या विषयावर बोलताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे कामाची ओळख. सहावी ते आठवीच्या मुलाने आपल्या परिसरात कोणती कामे चालतात, ती कोण करतो, त्यासाठी कोणते ज्ञान लागते, हे पाहणे व स्वतःच्या हातांनी थोडेबहुत करून पाहणे, एवढाच तिचा हेतू. दुसरी गोष्ट म्हणजे पायाभूत कौशल्य. मोजमाप, आकृती वाचणे, हत्यारे सुरक्षितपणे हाताळणे, नोंदी ठेवणे, हिशेब आणि संवाद ही कौशल्ये जवळपास प्रत्येक व्यवसायाला लागतात. नववी-दहावी हा त्यांचा काळ. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष व्यवसायाचे शिक्षण. ते अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम, औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय आणि तंत्रनिकेतने यांचे क्षेत्र आहे.

कारखान्याला तिसऱ्या पायरीवरचा माणूस हवा असतो. म्हणून शाळेकडे मागणी होते तीही तिसऱ्या पायरीची. शाळेचे खरे काम मात्र पहिल्या दोन पायऱ्यांचे आहे. या पायऱ्या कच्च्या राहिल्या की तिसरीवर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो. ज्या मुलाला दशांश अपूर्णांक नीट समजलेला नाही, त्याच्या हाती मायक्रोमीटर देऊन उपयोग होत नाही.

नाशिकचा रोजगार : पंधरा तालुके, अनेक बाजारपेठा

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक होती. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि त्यांचे आर्थिक जीवन एकमेकांपासून फार भिन्न आहे. नाशिक शहरालगत सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती आहेत. मोटारी, त्यांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे आणि त्यांना माल पुरविणारे शेकडो लघुउद्योग तेथे आहेत. सिन्नर तालुक्यात मुसळगाव व माळेगाव येथे उद्योग आहेत. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. नाशिकरोडला १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले.

निफाड आणि दिंडोरी हे द्राक्षांचे तालुके. लासलगावची कांद्याची आणि पिंपळगाव बसवंतची टोमॅटोची बाजारपेठ देशभर परिचित आहे. राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर वाइन उद्योगाने येथे मूळ धरले आणि त्यासोबत कृषी पर्यटनही वाढले. मोहाडी येथील सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीसारख्या संस्थांमुळे प्रतवारी, शीतगृह, प्रयोगशाळा, निर्यातीची कागदपत्रे अशी नवी कामे थेट गावात आली. मालेगावात यंत्रमाग आहेत, येवल्यात पैठणीचे हातमाग आहेत, बागलाणात डाळिंब आहे. इगतपुरीतून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून गोदामे आणि मालवाहतूक यांना नवे महत्त्व आले. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील सिंहस्थामुळे यात्रेकरूंची सेवा हाही एक मोठा व्यवसाय आहे.

याउलट पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यात स्थानिक रोजगार अपुरा आहे. पावसाळ्यातील भात व नागली निघाली की तेथील अनेक कुटुंबे छाटणी, विरळणी आणि काढणीच्या कामांसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. म्हणजे एका तालुक्याचा ‘स्थानिक रोजगार’ दुसऱ्या तालुक्यातील मजुरांच्या स्थलांतरावर उभा आहे. या जिल्ह्यासाठी एकच साचेबंद व्यवसाय अभ्यासक्रम पुरेसा ठरणार नाही, हे एवढ्या वर्णनावरूनही ध्यानात यावे.

दीडशे वर्षांची मागणी

महाराष्ट्रात या विचाराची मुळे महात्मा जोतीराव फुले यांच्यापर्यंत जातात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध वाचन-लेखनासोबत हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती यांचा समावेश करावा, अशी मागणी केली होती. खेड्यातील शाळांचा अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, परंतु तो व्यवहारोपयोगी असण्यात कमी पडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्या करातून शाळा चालतात त्या कष्टकऱ्यांच्या मुलांना त्या शाळेचा उपयोग व्हावा, ही त्यामागची भूमिका होती.

पुढे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. उत्पादक काम हेच शिक्षणाचे माध्यम असावे, हा तिचा गाभा. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेत ‘कार्यानुभव’ आणला आणि दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावे, असे उद्दिष्ट सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते खाली आणले. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत, असे नवे लक्ष्य ठरले. तेही गाठता न आल्याने मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलण्यात आली. २०२० च्या धोरणाने पुन्हा ५० टक्क्यांचा आकडा घेतला, या वेळी शालेय व उच्च शिक्षणातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, अशा शब्दांत.

याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन एक तुलना नोंदविली आहे. १९ ते २४ वयोगटातील कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण भारतात ५ टक्क्यांहून कमी होते. ते अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

महाराष्ट्राने प्रयत्न केले नाहीत असे नाही. तांत्रिक माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्षी अभ्यासक्रम, किमान कौशल्यावर आधारित म्हणजेच ‘एमसीव्हीसी’ अभ्यासक्रम ही त्याची उदाहरणे. मात्र हे मार्ग मुख्य रस्त्याला समांतर धावणाऱ्या गल्ल्यांसारखे राहिले. ज्याला विज्ञान शाखा मिळाली नाही तो तिकडे, अशी समाजाची समजूत झाली आणि त्या समजुतीनेच या अभ्यासक्रमांची प्रतिष्ठा पोखरली.

सध्याची चौकट

आज शाळांसमोर तीन वाटा उपलब्ध आहेत. पहिली म्हणजे सहावी ते आठवीसाठीचे दहा दिवसांचे दप्तराविना शिक्षण. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कारागीर अशा स्थानिक जाणकारांकडून काही शिकावे, अशी २०२० च्या धोरणाची अपेक्षा आहे. त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एनसीईआरटीच्या ‘कौशल बोध’ या पाठ्यपुस्तकमालेत सजीवसृष्टीशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम आणि मानवी सेवा अशी कामाची त्रिविध मांडणी आहे. परिसरानुसार उपक्रम निवडण्याची मुभा तीत आहे.

दुसरी वाट म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार (एनएसक्यूएफ) नववीपासून शिकविले जाणारे व्यवसाय विषय. वाहन दुरुस्ती, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, पर्यटन, सौंदर्यसेवा, शेती असे हे विषय आहेत. तिसरी वाट बारावीनंतरची किंवा आयटीआयनंतरची, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. पदवी हाती असूनही कामाचा अनुभव नाही, ही उणीव शिक्षण संपल्यावर भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. ती उणीव शाळेतच कमी करता आली असती, हेही त्यातून सूचित होते.

घोडे कुठे अडते?

पहिला अडथळा विषयनिवडीचा. व्यवसाय विषयांची यादी राष्ट्रीय स्तरावर ठरते आणि शाळेला त्यातून निवड करावी लागते. उदाहरणार्थ, नववी-दहावीच्या शेती विषयातील एक अभ्यासक्रम टोमॅटो, वांगी, मिरची या वर्गातील पिकांच्या लागवडीचा आहे. पिंपळगावच्या मुलाला तो जवळचा वाटेल. परंतु पाच-दहा किलोमीटरवर ज्यांचे सारे जीवन द्राक्षाच्या वेलीभोवती किंवा कांद्याच्या चाळीभोवती फिरते, त्यांच्या कामाला त्यात जागा नाही.

दुसरा अडथळा शिक्षकांचा. व्यवसाय विषयाचे प्रशिक्षक बहुधा बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी तत्त्वावर नेमले जातात. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नाही, त्याने मुलांना रोजगाराची खात्री द्यावी, अशी ही परिस्थिती आहे. प्रशिक्षक बदलला की उद्योगांशी जुळलेले संबंधही तुटतात.

तिसरा अडथळा वेळापत्रकाचा. कार्यानुभवाचा तास अनेक शाळांत गणित-इंग्रजीचा राहिलेला भाग पूर्ण करण्यासाठी वापरला जातो. ज्या विषयाचे गुण प्रवेशाच्या वेळी मोजले जात नाहीत, त्याचा तास टिकत नाही. आणि चौथा, सर्वांत खोल अडथळा मनोवृत्तीचा. हाताचे काम अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी आणि डोक्याचे काम हुशारांसाठी, ही विभागणी जातिव्यवस्थेइतकी जुनी आहे. तिला धक्का न लावता व्यवसाय शिक्षण वाढविले, तर गरिबांच्या मुलांसाठी कौशल्य आणि इतरांसाठी शिक्षण अशी नवी पंगत बसेल.

पाबळचा धडा

हे अडथळे ओलांडता येतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञ म्हणून उद्योगक्षेत्रात काम केलेल्या कलबागांनी गावातील शाळेत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय विकसित केला. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. आठवड्यातील एक दिवस मुले प्रत्यक्ष काम करतात आणि जमेल तिथे गावाची खरी गरज भागविणारे काम करतात. शिकविण्यासाठी गावातील कुशल कारागिरांचीही मदत घेतली जाते.

पाबळचे वैशिष्ट्य असे की, तेथे मुलाला एका धंद्यात अडकविले जात नाही. एकच मुलगा जोडकामही करतो, माती-पाणीही तपासतो आणि विजेची जोडणीही शिकतो. त्यामुळे पुढे तो अभियंता झाला काय किंवा शेतकरी झाला काय, हे शिक्षण त्याच्या उपयोगी पडते. शिवाय हा विषय वर्गातील सर्वांसाठी असतो. ‘नापासांसाठीची सोय’ असा शिक्का त्यावर बसत नाही. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात ही पद्धत राज्यातील व राज्याबाहेरील अनेक शाळांपर्यंत पोहोचली.

पाठ्यपुस्तकात परिसर कसा आणायचा?

नाशिकमध्ये सांगड घालायची तर प्रत्येक वेळी नवा विषयच हवा असे नाही. गणित आणि विज्ञानाचे आहेत तेच धडे परिसरातील कामांतून शिकविता येतात.

द्राक्षबागेचे उदाहरण घ्या. घडाची व मण्यांची वाढ व्हावी म्हणून बागायतदार जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणाचा वापर करतात. त्याचे प्रमाण ‘पीपीएम’ म्हणजे दशलक्षांश भागांत सांगितले जाते. एक पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. मग २०० लिटर पाण्यात १० पीपीएमचे द्रावण करायचे तर किती ग्रॅम पावडर लागेल? उत्तर आहे २ ग्रॅम. गुणोत्तर-प्रमाणाचे हे साधे गणित आहे. त्यात दशांश चिन्ह एक घर चुकले तर हंगाम हातचा जातो. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यातदारांना व बागायतदारांना मोठा फटका बसला. औषधाचा अंश पिकात किती दिवस राहतो, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, नमुना कसा घ्यायचा, नोंदवही कशी ठेवायची, हा रसायनशास्त्राचा, जीवशास्त्राचा आणि नागरिकशास्त्राचाही धडा आहे. फवारणी करणाऱ्या मजुराच्या आरोग्याचा प्रश्नही त्यातच येतो.

कांद्याची चाळ ही तर उघडी प्रयोगशाळाच. चाळीचा तळ जमिनीपासून उंच का ठेवतात, बाजूंना फटी का असतात, चाळीची रुंदी मर्यादित का ठेवतात, याचे उत्तर हवेचे अभिसरण आणि आर्द्रता यांत आहे. मुलांनी दहा किलो कांदा दर आठवड्याला तोलून वजनातील घट आलेखावर मांडली, तर टक्केवारी आणि आलेख दोन्ही शिकून होतात. बाजारभाव वाढण्याची वाट पाहण्यात फायदा कधी आणि तोटा कधी, हा अर्थशास्त्राचा प्रश्नही समोर येतो. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत यासाठी गॅमा किरणांचा उपयोग तेथे होतो. २००७ मध्ये अमेरिकेला पाठविलेल्या भारतीय आंब्यावर तेथेच विकिरण प्रक्रिया झाली होती. किरणोत्सार म्हटले की बॉम्ब आठवणाऱ्या मुलाला हे केंद्र वेगळीच ओळख करून देईल.

सातपूरच्या एखाद्या छोट्या कारखान्यातील सीएनसी लेथ म्हणजे निर्देशक भूमितीचा चालता-बोलता पाठ. हत्यार कुठून कुठे सरकणार हे अक्षांवरील अंकांनी सांगावे लागते. एक शतांश मिलिमीटरपर्यंतची अचूकता म्हणजे काय, हे फळ्यावर शिकवून कळत नाही. मायक्रोमीटरने स्वतःच्या केसाची जाडी मोजली की लगेच कळते. येवल्याच्या मागावर पैठणीच्या पदराची नक्षी धागे मोजून उतरते. सममिती आणि गणन यांचा तो वस्तुपाठ आहे. त्र्यंबकेश्वरच्या मुलांनी परिसरातील वारसास्थळांची माहिती मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून पाहुण्यांना सांगितली, तर भाषेचा अभ्यास आणि पर्यटन व्यवसायाची तयारी एकाच वेळी होते.

यातून मूल लगेच कामगार होत नाही. गणित कशासाठी शिकायचे हे मात्र त्याला कळते आणि आपल्या आई-वडिलांच्या कामात किती ज्ञान दडले आहे, याचीही जाणीव होते.

धोके ओळखून पाऊल

स्थानिक रोजगाराशी जोडलेल्या शिक्षणाचे काही धोके आहेत. पहिला धोका धंदा बदलण्याचा. ओझरचा कारखाना मिग-२१ साठी उभारला गेला. पुढे तेथे मिग-२७ आणि सुखोई-३० तयार झाली. मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये आणि मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. एका कामगाराच्या उमेदीच्या काळात त्याच्या हातातील वस्तू इतक्या वेळा बदलते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनविणाऱ्या नाशिकच्या उद्योगालाही तंत्र बदलावे लागले. विजेवरील वाहनांमुळे हा बदल आणखी वेग घेईल. म्हणूनच चौदाव्या वर्षी मुलाला एका यंत्राला जुंपणे म्हणजे ते यंत्र भंगारात जाईल त्या दिवशी त्यालाही भंगारात काढण्यासारखे आहे. मोजणे, वाचणे, आकृती समजणे, नवे शिकणे ही कौशल्ये मात्र यंत्र बदलले तरी टिकतात.

दुसरा धोका बालमजुरीचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कौटुंबिक व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, बंदी आहे आणि अठरा वर्षांखालील किशोरांना धोकादायक उद्योगांत काम देता येत नाही. कारखाना वा बाग पाहायला गेलेल्या मुलांकडून मालाची भरणी करून घेणे हे शिक्षण नव्हे. पेठ-सुरगाण्याच्या ज्या मुलांचे शाळेचे दिवस आई-वडिलांबरोबर बागेत जातात, त्यांच्यासाठी ‘द्राक्षकाम शिका’ हा संदेश क्रूर ठरेल. त्यांना बागेतील मजुरीपलीकडची वाट दिसली पाहिजे. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शीतगृहाचा चालक, परिचारिका, कृषी पदवीधर हे सारे त्यांच्याही आवाक्यात असल्याचे शाळेने दाखवायला हवे.

तिसरा धोका मुलींच्या बाबतीतला. मुलींना सौंदर्यसेवा आणि शिवण, मुलांना वाहन व वीज अशी वाटणी नकळत होते. प्रतवारी आणि पॅकिंगच्या कामांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. तेथील यंत्रांची देखभाल व देखरेख मात्र बहुधा पुरुषांकडे असते. शाळेने हीच वाटणी गिरवायची की मोडायची, हा निर्णय विषय निवडतानाच घ्यावा लागतो.

चौथी बाब म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. जर्मनीतील दुहेरी पद्धतीत शिकाऊ तरुण साधारणतः तीन ते साडेतीन वर्षे आठवड्यातील काही दिवस उद्योगात आणि उरलेले व्यवसाय शाळेत शिकतो. त्याची परीक्षा उद्योग-व्यापार मंडळे घेतात. या मनुष्यबळाची मागणी परदेशातून येत असेल, तर गावातील शाळेला गावापुरते पाहून चालणार नाही. परिसर हा शिक्षणाचा आरंभबिंदू असावा, त्याची सीमारेषा होऊ नये.

कोणी काय करावे?

जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्यातच तयार व्हावा. कोणत्या तालुक्यात कोणती कामे आहेत, त्यांना कोणती पायाभूत कौशल्ये लागतात, कोणती कामे कमी होत आहेत आणि कोणती वाढत आहेत, याची पाहणी दर दोन-तीन वर्षांनी व्हायला हवी. त्यासाठी लागणाऱ्या संस्था नाशिकला आहेतच. ‘निमा’ व ‘आयमा’ या उद्योजक संघटना, बाजार समित्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, आयटीआय, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व त्याचे कृषी विज्ञान केंद्र, मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या जुन्या शिक्षणसंस्था आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग यांना एका टेबलाभोवती बसविणे एवढेच बाकी आहे. त्या टेबलावर शिक्षक आणि पालक यांनाही जागा हवी. केवळ मालकांना विचारून ठरविलेला अभ्यासक्रम मालकांच्याच सोयीचा होईल.

शाळांनी दप्तराविना दिवसांचा उपयोग सहलीसारखा न करता आधी प्रश्न, मग भेट, मग वर्गात मांडणी अशा क्रमाने करावा. उद्योगांनी वर्षातून काही दिवस आपले अनुभवी कामगार शाळेत पाठवावेत. निवृत्त फिटर, टर्नर, विणकर, बागायतदार यांच्याइतका सहज मिळणारा शिक्षकवर्ग दुसरा नाही. पदवी नाही म्हणून त्यांना वर्गाबाहेर ठेवू नये आणि त्यांच्या वेळेचे मानधनही चुकवू नये. सरकारने व्यवसाय प्रशिक्षकांना किमान काही वर्षांचे स्थैर्य द्यावे, प्रत्येक शाळेत महागडी कार्यशाळा उभारण्याऐवजी पाच-दहा शाळांसाठी एक सुसज्ज केंद्र द्यावे आणि व्यवसाय विषयातील गुणांना पुढील प्रवेशात मान द्यावा. राष्ट्रीय यादीतील विषयांना जिल्ह्यापुरते पूरक घटक जोडण्याची मुभा मिळाली, तर निफाडच्या शाळेत द्राक्ष आणि सिन्नरच्या शाळेत यंत्रकाम सहज येऊ शकेल.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. बारावीनंतर किती मुले लगेच नोकरीला लागली, हा शाळेच्या दृष्टीने अपुरा निकष आहे. किती मुलांनी विचारपूर्वक शाखा निवडली, किती जण आयटीआय वा तंत्रनिकेतन अर्धवट न सोडता पूर्ण करू शकले, व्यवसाय विषय घेतलेल्यांपैकी किती जणांना पुढे पदवीकडे जाता आले, हे निकष अधिक बोलके आहेत. व्यवसाय शिक्षणाच्या वाटेवरून उच्च शिक्षणाकडे परत येण्याचा रस्ता खुला राहिला, तरच पालक आपल्या मुलाला त्या वाटेवर पाठवितील.

फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली त्याला आता जवळपास दीड शतक होत आले. दरम्यान टक्केवारीची उद्दिष्टे अनेकदा ठरली आणि अनेकदा हुकली. पुढचे उद्दिष्ट ठरविताना टक्क्यांऐवजी एक साधी कसोटी लावून पाहावी. जिल्ह्यातील सर्वांत महागड्या शाळेतील मूल आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतील मूल, दोघांच्याही हाती आठवड्यातून एक दिवस हत्यार आहे काय, आणि दोघांनाही पुढे हवे ते शिकण्याची दारे सारखीच उघडी आहेत काय? या दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देता आले, तर अभ्यासक्रम व रोजगार यांची सांगड नाशिकने घातली, असे म्हणता येईल.